गाणं तुमचं, सही तुमची. मग नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, आपल्या घरात नवीन पातेलं आलं की आपण आधी त्यावर नाव घालून घेतो. लग्नात आलेल्या वाट्या-पेल्यांवरसुद्धा देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. विरजणाची वाटी शेजारी गेली तरी फिरून आपल्याच मांडणीवर येते, ती त्या नावामुळे. पण आपल्यातलीच एखादी बाई स्वतः गाणं रचते, त्याला चाल लावते, गळा लावून गाते, आणि ते गाणं मात्र बिननावाचं दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळी होते. आज त्याविषयी लिहायचं आहे. खरं सांगायचं तर हा लेख म्हणजे थोडी माझ्या चुकीची कबुलीही आहे.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथं स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. सहावीच्या मुली मंगळागौरीचा नाच बसवत होत्या. मोबाइलवर गाणं लागलं आणि दुसऱ्या कडव्याला मी एकदम थांबले. त्यात तांब्याचा बंब आणि त्याच्या धुरानं डोळे चोळणारी सून होती. अहो, तो बंब आमच्या सासूबाईंचा! गाणं माझ्या थोरल्या वन्संनी रचलेलं, चालही त्यांची आणि आवाजही त्यांचाच. मी मोबाइल हातात घेऊन बघितलं. लिहिलं होतं, ‘गीत व संगीत : पारंपरिक’. गायिकेचं नाव नव्हतंच. निवेदन करणारी मुलगीही बिचारी तेच वाचत होती, ‘सादर करत आहोत एक पारंपरिक गीत’.

वन्संनी ही गाणी 2015 साली एका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. कंपनीचा माणूस ओळखीतून आलेला. चहा-पोहे झाले, आणि त्यानं पाच पानांचा इंग्रजी करार पुढं ठेवला. वन्सं मला म्हणाल्या, “अगं, तू बी.ए. झालेली, एवढं वाचून बघ.” मी वरवर नजर फिरवली. मुलगा कडेवर होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. “नेहमीचाच मजकूर दिसतोय, करा सही,” म्हटलं. आठ गाण्यांचे मिळून पाच हजार रुपये हातात आले. त्यातून त्यांनी मिक्सर घेतला आणि आम्ही सगळ्या खूश झालो.

तालमीच्या दिवशी घरी आल्यावर तो करार मागवून मी पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, की सर्व हक्क ‘अखिल विश्वात आणि अनंत काळापर्यंत’ कंपनीचे. हसू आलं आणि रडूही. एका मिक्सरच्या किमतीत आमच्या वन्संनी अखिल विश्व देऊन टाकलं होतं!

तुम्ही म्हणाल, आमचा या कराराशी काय संबंध? आम्ही थोड्याच लता मंगेशकर आहोत? पण आता गावोगावी लहान स्टुडिओ झाले आहेत. भजनी मंडळं, मंगळागौरीचे ग्रुप, बालगीतं लिहिणाऱ्या शिक्षिका, सगळ्यांची गाणी मोबाइलवर आणि यूट्यूबवर जात आहेत. कागद कधी तुमच्यापुढंही येईल. म्हणून मूळ गोष्टी समजून घेऊ.

एका गाण्यात किती वाटे?

गाणं आपल्याला एक वाटतं. कायद्याला ते एक दिसत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द हे वेगळं काम, चाल हे वेगळं काम आणि ध्वनिमुद्रण हे तिसरं. शब्दांचा पहिला मालक कवी, चालीचा संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतलं तो. गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा ‘कलाकाराचा हक्क’ याहून निराळा. तो आपल्या कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं आला. आज तो गायनानंतर पन्नास वर्षं टिकतो.

वन्संचं उदाहरण घ्या. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. चारातले तीन वाटे एकाच बाईचे! कंपनीचा मुळात फक्त एकच होता, ध्वनिमुद्रणाचा. करारानं चारही एकीकडे गेले.

दोन गैरसमज इथंच दूर करते. पहिला असा, की ‘मला नोटेशन लिहिता येत नाही, मग चाल माझी कशी?’ आजच्या कायद्यात ज्याला चाल सुचली तो संगीतकार, त्यानं ती स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो. दुसरा असा, की ‘नोंदणी केली नाही, म्हणजे हक्क नाही.’ हेही चूक. काम निर्माण झालं की हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. पण उद्या वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द किंवा चालीच्या नोंदणीची सरकारी फी एका कामाला 500 रुपये आहे. तेवढंही जमत नसेल तर निदान वहीत गाणं लिहून खाली तारीख घाला आणि फोनवर गाऊन ठेवून ते स्वतःलाच ई-मेलनं पाठवा. हा नोंदणीला पर्याय नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

विकलं की भाड्यानं दिलं?

घराच्या बाबतीत आपण किती सावध असतो! खरेदीखत निराळं आणि भाडेकरार निराळा, हे सातवीतल्या मुलीलाही कळतं. गाण्याचंही तसंच आहे. ‘हस्तांतर’ म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणं. ‘परवाना’ म्हणजे मालकी आपली ठेवून वापरायला देणं. कागदात यातलं काय आहे, हे आधी बघायचं. शक्य असेल तिथं परवाना द्यावा, तोही ठरावीक मुदतीचा.

हस्तांतर करायचंच असेल तर कायद्यानं त्याला अटी घातल्या आहेत. ते लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. तोंडी बोलण्यानं हक्क जात नाही. कुठलं गाणं, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे सगळं त्यात पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन कंपनीनं वर्षभर ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा ते हस्तांतरही संपतं. म्हणून तर हुशार मंडळी ‘विश्व’ आणि ‘अनंत काळ’ हे शब्द न चुकता लिहितात. नुसती जागा कोरी सोडलेली असती तरी वन्सं जास्त सुरक्षित राहिल्या असत्या!

जुना वाद, नवा कायदा

हा वाद आजचा नाही. 1960 च्या दशकात लताबाईंनी आग्रह धरला, की रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळावा. मोहम्मद रफींचं मत होतं, की गायलो, पैसे घेतले, हिशेब मिटला. त्या मतभेदातून काही वर्षं दोघं एकत्र गायलेही नाहीत. आपल्याला दोघेही प्रिय. पण व्यवहाराच्या दृष्टीनं लताबाई पुढचं पाहत होत्या, असं मला वाटतं.

1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की सिनेमासाठी मोबदला घेऊन गाणी लिहिली किंवा चाली बांधल्या, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र त्याच निकालात वेगळी टिपणी जोडली. आपल्या कायद्यात गाणाऱ्याला संरक्षण नाही, याकडे त्यांनी संसदेचं लक्ष वेधलं. पुढं कवी-संगीतकारांनी बरीच वर्षं झगडा दिला. जावेद अख्तर राज्यसभेत असताना त्यांनी हा विषय लावून धरला. शेवटी 2012 मध्ये कायदा बदलला आणि 21 जून 2012 पासून नवी दुरुस्ती लागू झाली.

ही दुरुस्ती आपल्या कामाची आहे, म्हणून सावकाश वाचा. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या वापराबद्दल जी रॉयल्टी येते, तिच्यात कवी आणि संगीतकार यांचा हक्क घेणाऱ्या कंपनीबरोबर समान वाटा आहे. आणि हा वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त आपल्या वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीकडे देता येतो. बाकी कुणाला लिहून दिला, तर तेवढं लिहिणं रद्दबातल. सिनेमातल्या गाण्यांनाही हे लागू आहे. फक्त चित्रपटगृहात सिनेमाबरोबर गाणं वाजतं, त्याचा वेगळा वाटा मिळत नाही. गायकांनाही त्यांच्या गायनाचा व्यापारी उपयोग झाला तर रॉयल्टीचा हक्क याच दुरुस्तीनं दिला.

म्हणजे बघा, ‘अनंत काळ’ लिहून घेतलेल्या त्या करारानंसुद्धा वन्संचा रॉयल्टीचा हक्क गेलेला नव्हता. सही 2015 ची होती. कायदा आधीच बदललेला होता. ठाऊक नव्हतं ते आम्हालाच.

दुसरी गोष्ट नावाची. कॉपीराइट विकला तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा कवीचा आणि संगीतकाराचा हक्क विकला जात नाही. आपल्या नावाला बाध येईल अशी मोडतोड केली तर हरकत घेण्याचाही हक्क राहतो. गाणाऱ्यालाही आपली ओळख दिली जावी असं म्हणता येतं.

पण ओव्या तर सगळ्यांच्या!

खरं आहे. जात्यावरच्या, भोंडल्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्यांचा कुणी एक मालक नाही. ती तुम्हीही गा, मीही गाईन. पण जुन्या घाटणीत तुम्ही नवीन कडवी रचली, तर ती कडवी तुमची. वन्संच्या गाण्याची झिम्म्याची लय जुनी होती, म्हणून कुणीतरी त्याला ‘पारंपरिक’ म्हणून टाकलं. करारात म्हणून स्पष्ट लिहा, अमुक ओळी परंपरेतल्या, अमुक कडवी माझी.

इथं मला बहिणाबाई आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्या छापल्या गेल्या. ती वही नसती, तर खानदेशातल्या त्या ओव्या आज आपण ‘पारंपरिक’ म्हणूनच म्हणत बसलो असतो, नाही का? आणि कितीतरी बायकांना असा वही धरणारा मुलगा मिळाला नसेल.

उचल म्हणजे बक्षीस नव्हे

कंपनी आधी काही रक्कम देते. ती नुसतं मानधन आहे की उचल, हे विचारून घ्या. उचल पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. समजा, गायिकेनं करार केला, की कंपनीला मिळेल त्याच्या 10 टक्के रॉयल्टी. उचल 10,000 रुपये. स्टुडिओ, वादक आणि चित्रीकरणाचा खर्च 60,000 आणि तोही रॉयल्टीतून वळता करण्याचं कलम. गाणं चाललं, कंपनीला दोन लाख मिळाले. बाईंचा वाटा 20,000. त्यातून 70,000 वजा! म्हणजे गाणं गाजूनही बाई 50,000 नं मागंच. घरचा वाणी असा हिशेब करू लागला, तर आपण दुकान बदलू. म्हणून टक्केवारी ऐकून हुरळू नका. ‘टक्के कशाचे, आणि त्यातून वजा काय?’ हे दोन प्रश्न विचारा.

सही करण्यापूर्वी एवढं बघा

1. करार आपल्याला कळेल त्या भाषेत मागा. इंग्रजीच असेल तर घरी ठेवून घ्या, चार दिवस जाऊ द्या. ‘आजच सही हवी’ म्हणणाऱ्याला पोहे द्या, सही देऊ नका.

2. प्रत्येक गाण्याचं नाव आणि त्यापुढं कवी, संगीतकार, गायिका कोण, याचा तक्ता कराराला जोडा.

3. मुदत आकड्यात लिहा. ‘कायमचे’ खोडून तीन किंवा पाच वर्षं असा आग्रह धरा.

4. कुठल्या माध्यमांसाठी, तेही लिहा. जे माध्यम करार करताना व्यवहारात नव्हतं, त्यावरचा हक्क, करारात त्याचा खास उल्लेख केलेला नसेल, तर कंपनीकडे जात नाही. म्हणून ‘पुढं निघतील ती सर्व माध्यमं’ हे शब्द दिसले की थांबा.

5. वर्षातून किती वेळा हिशेब मिळेल आणि तो तपासण्याचा हक्क आहे का, ते पाहा. कवी-संगीतकाराचा कायदेशीर वाटा उचलीत वळता होणार नाही, असं एक वाक्य घालून घ्या.

6. नाव कुठं आणि कसं येईल, हे लिहून घ्या. भांड्यावर नाव घालतो, तसं.

7. स्वतःच्या पैशानं स्टुडिओ घेऊन गाणं केलं असेल, तर पावती आपल्या नावे घ्या, मूळ मुद्रण पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘हे ध्वनिमुद्रण अमुक बाईंचं’ असं स्टुडिओकडून लेखी घ्या. म्हणजे चौथा वाटाही तुमचाच राहील.

8. सही केलेल्या कराराची प्रत आपल्याकडे हवीच. आणि पैसे स्वतःच्या नावच्या खात्यात घ्या, यजमानांच्या नको. यात भांडण नाही, हिशेब सरळ राहतो एवढंच.

वकिलाची फी परवडत नाही, असं म्हणू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं जाऊन अर्ज करायचा.

पैसे येतात कुठून?

रेडिओ, टीव्ही, हॉटेल, जाहीर कार्यक्रम, इंटरनेट, अशा ठिकाणी गाणं वाजतं. प्रत्येकाच्या दारात जाऊन आपण पैसे मागू शकत नाही. त्यासाठी सोसायट्या आहेत. कवी आणि संगीतकारांसाठी मुंबईची आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ती 1969 पासून आहे. कवी, संगीतकार आणि त्यांचे वारस सभासद होऊ शकतात. गायकांसाठी 2013 मध्ये सोसायटी सुरू झाली. आज ती इसामरा या नावानं ओळखली जाते आणि वादकांसाठीही आहे. सभासद झाल्यावर आपली गाणी तिथं नीट नोंदवायची. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे आपल्यापर्यंत पोचणार कसे?

‘वारस’ हा शब्द वाचून काहीजणी थांबल्या असतील. घरात सासरे किंवा वडील कवी, शाहीर, संगीतकार होते का? शब्द आणि चालीचा कॉपीराइट हयातभर, आणि मृत्यूचं वर्ष संपल्यावर पुढं साठ वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरचा कॉपीराइट 2037 अखेरपर्यंत आहे. तुमच्या घरच्या कवीचं नाव एवढं मोठं नसेल, पण कायदा तोच. ट्रंकेतल्या वह्या आणि जुने करार रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून बघा.

आमच्या वन्संचं काय झालं, ते सांगते. जुनी वही सापडली. बंबाच्या गाण्याखाली त्यांनी 2011 ची नागपंचमी अशी तारीख घातलेली होती. प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी पत्र तयार करून दिलं, ते आम्ही पोचपावतीसह स्पीड पोस्टानं कंपनीला धाडलं. दोन महिन्यांनी गाण्याखालचं ‘पारंपरिक’ गेलं आणि वन्संचं नाव आलं. पैशांचा हिशेब अजून आलेला नाही; दुसरं पत्र गेलं आहे आणि आयपीआरएसचा अर्जही भरला आहे. किती मिळेल? कदाचित दुसरा मिक्सरही येणार नाही. पण स्नेहसंमेलनाच्या दिवशी वन्सं पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवेदन करणाऱ्या मुलीनं त्यांचं पूर्ण नाव घेतलं, आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. बंबाच्या धुरानं नव्हे.

मी मात्र त्या दिवसापासून एक ठरवलं आहे. कुणी कागद वाचून बघ म्हटलं, की आधी गॅस बंद करायचा.